जोडीदार पडल्यानंतरची दोन मिनिटं

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केपमध्ये होणारी केप एपिक ही हौशी माउंटन बाइकवाल्यांच्या यादीत हटकून असणारी शर्यत. 2004 पासून सुरू झालेली, आठ दिवसांची. अंतर दरवर्षी बदलतं, साधारण 600 ते 700 किलोमीटर, आणि चढ 15,000 मीटरच्या आसपास. पण तिचं खरं वैशिष्ट्य म्हणजे ती दोघांच्या संघाने करायची असते आणि दोघांमध्ये दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडलं तर वेळेचा दंड बसतो. त्यामुळे एक पडला की शर्यत दोघांचीही थांबते, आणि पडणं टाळणं हे दोघांचं काम होतं.

तिथली जमीन आपल्या ओळखीची आहे. कडक पृष्ठभागावर सुटा मुरूम, मध्येच वाळू, आणि सराटे. हो, माण-खटावच्या माळावर चपलेत घुसतात तेच सराटे. तिकडे त्यांना डबलकी म्हणतात. ट्यूब घालून तिथे जाऊच नये. ट्यूबलेस टायरमध्ये, 29 इंची चाक आणि 2.4 इंच रुंदी असेल तर, प्रत्येकी 100 ते 120 मिली सीलंट, म्हणजे बारीक भोकं आतून बुजवणारं द्रव, घालावं. उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं, म्हणून शर्यतीच्या आठवड्यात टायर उघडून बघावा. हवा 70 किलोच्या माणसाला पुढे 20-21, मागे 22-24 पीएसआय. जास्त हवा भरली की मुरुमावर पुढचं चाक निसटतं. फार कमी ठेवली की दगडावर रिम आपटते.

निम्म्याहून जास्त हौशी लोक पडतात ते दोन कारणांनी, असं माझं ठाम मत आहे. पहिलं, वळणात सायकल झुकलेली असताना पुढचा ब्रेक दाबणं. टायरची पकड एकतर वळायला वापरा किंवा थांबायला. सुट्या मुरुमावर दोन्हीला ती पुरत नाही. ब्रेक वळणाच्या आधी, सायकल सरळ असताना. दुसरं कारण खास जोडीचं आहे: जोडीदाराच्या मागच्या चाकाला चिकटून उतरणं. सपाटीवर वाऱ्याच्या आडोशाला ते योग्यच, पण उतारावर धुळीत पुढचा दगड दिसत नाही, आणि त्याने ब्रेक मारला तर जायला जागा उरत नाही. चार-पाच सायकलींचं अंतर ठेवा. उताराला सफाईदार असेल त्याने पुढे राहावं, म्हणजे मागच्याला वाट दिसते. पण दर मोठ्या वळणानंतर त्याने मागे वळून बघायचंच. चढावर उलट, हळू जाणाऱ्याला पुढे घ्या. तोच वेग ठरवेल.

आणि तरीही कोणी पडलाच, तर आधी सायकल नाही, माणूस. दोघांनाही वाटेतून बाजूला घ्या आणि वर, येणाऱ्यांना दिसेल अशा जागी, हात वर करा. डोकं आपटलं असेल तर साधे प्रश्न विचारा: आज कितवा टप्पा, शेवटचं पाणी कुठे घेतलं, आपण कुठून निघालो. उत्तर अडखळलं, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणं, यांतलं एक जरी दिसलं तरी त्या दिवसाची शर्यत संपली. पडलेला "मी ठीक आहे" म्हणणारच. निर्णय त्याच्यावर सोडू नका. हेल्मेटला तडा दिसो न दिसो, जोराचा मार बसला असेल तर ते बदलायचंच. आतला फोम एकदाच दबतो.

हात टेकून पडणाऱ्यांचं मनगटातलं स्कॅफॉइड नावाचं हाड मोडतं. अंगठ्याच्या मुळाशी जो खळगा असतो तिथे दाबल्यावर दुखलं तर एक्स-रे साफ आला तरी विश्वास ठेवू नका. पहिल्या एक्स-रेमध्ये ही चीर अनेकदा दिसतच नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढावा लागतो.

खरचटलं असेल तर मुरूम साध्या पाण्याने धुऊन काढा, साखरेच्या पेयाने नको. धनुर्वाताचं इंजेक्शन केव्हा घेतलंय ते निघण्यापूर्वीच बघून ठेवा.

आता सायकल. उजवीकडे पडली असेल तर सर्वात आधी मागून डिरेलरकडे, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या यंत्रणेकडे, बघा. हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला धरून ठेवणारी पट्टी, आत वाकला असेल आणि तुम्ही चेन मागच्या सर्वात मोठ्या दातेरी चक्रावर टाकलीत, तर डिरेलर आऱ्यांत जाऊन तिथेच तुटतो. वाकलेला दिसला तर मधल्या गिअरवरच पुढच्या पाण्याच्या ठिकाणापर्यंत जा. मग हँडल पुढच्या चाकाशी सरळ आहे का, ब्रेकचा रोटर (चाकासोबत फिरणारी चकती) घासतोय का, चाक मोकळं फिरतंय का. ब्रेक लिव्हरचा क्लॅम्प घरीच इतपत घट्ट ठेवावा की आपटल्यावर लिव्हर फिरेल. फार आवळला तर ती मोडते.

जोडीमध्ये मिळून एक जादा हँगर, चेनच्या दोन जोडकड्या, टायरचे प्लग (मोठं भोक बुजवायच्या रबरी पट्ट्या) आणि हवा भरायला 25 ग्रॅमचं कार्बन डायऑक्साइड सिलिंडर पुरतं. मात्र ऍलन की दोघांकडेही वेगळी हवी. आणि सामान कुठल्या खिशात आहे ते दोघांनाही ठाऊक असावं, कारण पडलेल्याच्या पाठीवरची पिशवी दुसऱ्यालाच उघडायची असते.