आषाढात कागद करा

आप्पा मिरजेतल्या एका ब्रास बँडमध्ये क्लॅरिओनेट वाजवायचे. २०१६ च्या लगीनसराईत त्यांची फुंक कमी पडायला लागली. वरातीत लांब ओढायची सुरावट अर्ध्यावर तुटायची आणि शेजारचा ट्रंपेटवाला ती उचलून पुरी करायचा. घरी विचारलं की म्हणायचे, "काय न्हाई, ऊन लागलंय." जेठापर्यंतच्या सुपाऱ्या ठरलेल्या, इसार घेतलेला, मालकाकडून दिवाळीत घेतलेली उचल फिटायची राहिलेली. त्यांनी एकही तारीख सोडली नाही. शेवटची वरात झाली, आणि दुसऱ्या दिवशी घरचा जिना चढताना ते मधल्या पायरीवर बसले ते उठलेच नाहीत. दोघांनी धरून रिक्षात घातलं.

हृदयाची झडप निकामी झाली होती. ऑपरेशन राजीव गांधी जीवनदायी योजनेत बसत होतं (तेव्हा हेच नाव होतं, पुढच्या वर्षी ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली). रुग्णालयही योजनेतलं होतं. अडलं ते नावात. चुलत्यांची वाटणी झाली तेव्हा गावच्या रेशनकार्डातून आप्पांचं नाव कमी केलं होतं, आणि मिरजेच्या आमच्या कार्डात ते कधी चढवलंच नव्हतं. आधारवर 'साहेब', शाळेच्या दाखल्यावर 'सो'. आपल्याकडे दादासो, बाळासो, आप्पासो हे किती सहज लिहितात! काउंटरवर त्याच एका अक्षरानं आमचे आठ दिवस खाल्ले. शेवटी डॉक्टर म्हणाले, आता थांबता येणार नाही. आईच्या पाटल्या मोडल्या. क्लॅरिओनेटही विकलं. आप्पा पुढं तीन वर्षं होते, घरात शिट्टीसुद्धा वाजवली नाही.

मी दाखले, फॉर्म, झेरॉक्सचं केंद्र चालवते. दिवसभर लोकांचे कागद जुळवून देते, आणि माझ्याच बापाचा कागद जुळला नव्हता. म्हणून दर आषाढात, संध्याकाळी सहानंतर, मी फक्त वाजवणाऱ्यांची कामं करते. आषाढी एकादशी झाली की लग्नं थांबतात, गणपतीच्या सुपाऱ्या अजून लांब असतात. माणूस घरी सापडतो तो याच दिवसांत.

मिरजेत हे घडावं याचं मला फार वाईट वाटतं. डॉ. वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथं रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून कर्नाटकातूनसुद्धा लोक इथं उपचाराला येतात. सतारमेकर गल्लीतल्या तंबोऱ्याला आणि सतारीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. कुरुंदवाडच्या विष्णू दिगंबर पलुस्करांचे डोळे लहानपणी फटाक्यानं दुखावले, तेव्हा त्यांना उपचारासाठी मिरजेलाच आणलं होतं. डोळे पुरते सुधारले नाहीत, पण इथंच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे ते गाणं शिकले. गायक अब्दुल करीम खाँसाहेब आजारातून मीरासाहेबांच्या दर्ग्यात बरे झाले आणि मिरजेचेच झाले, असं जुनी माणसं सांगतात. आजारी माणूस आणि गाणं यांची गाठ या गावात इतकी जुनी आहे. मग इथल्या बँडवाल्याला रुग्णालयाच्या दारात उभं राहायला भीती का वाटावी?

आजाराच्या आधी त्याला बिलाची भीती असते, हे मला रोज ऐकू येतं. "ताई, एकदा आत गेलं की मालकाकडनं अजून उचल." म्हणून मी पहिल्यांदा आकडा सांगते. आता फुले योजनेत महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, रेशनकार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं. सत्तरी ओलांडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता आयुष्मानचं वेगळं कार्ड मिळतं. अंगीकृत म्हणजे योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेचं काम बघणाऱ्या माणसाचा, टेबल असतो, आधी तिथं जायचं. काही ऑपरेशनं फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखीव आहेत, तेव्हा खासगीत नाही म्हणाले तर भांडत बसू नका, आपलं सिव्हिल गाठा. फोनवर विचारायचं असेल तर १५५३८८.

आता योजनेचं कार्ड काढताना लागणाऱ्या अंगठ्याचं. ढोलकीवाल्याचा, तबलजीचा, आणि सगळ्यात जास्त सतारीच्या कारागिराचा अंगठा मशीनवर उठत नाही. लाकूड, कानस, पॉलिश यांनी रेषाच गेलेल्या असतात. पहिल्या वर्षी एक आजोबा चार वेळा अंगठा दाबून उठून चालले होते, "आमच्या हाताला सरकार वळखत न्हाई" म्हणत. मी त्यांना परत बसवलं. आधारला मोबाईल जोडलेला असेल तर ओटीपीनं होतं, नसेल तर चेहरा दाखवूनही होतं. पण मोबाईल जोडायचं काम आधी करावं लागतं, आणि ते आयसीयूच्या दारात होत नाही. रेशनकार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबरही तसाच. जुन्या फाटक्या कार्डावर तो नसतो, तहसीलमधून घ्यावा लागतो.

गेल्या चैत्रात एका जत्रेत हलगी वाजवता वाजवता एका काकांच्या छातीत कळ आली. घुमकंवाल्यानं त्यांना मोटारसायकलवर मध्ये धरून आणलं. कार्ड आदल्या आषाढात माझ्याकडंच काढलेलं, पाकिटात देवाच्या फोटोमागं ठेवलेलं. त्याच दिवशी मान्यता आली, स्टेंट बसला, रुग्णालयाला एक रुपया द्यावा लागला नाही. मला फोन आला तेव्हा मी काउंटर बंद करून रडले.

पण पुढचे दोन महिने हलगी बंद होती, आणि त्या दोन महिन्यांची चूल कुठल्याच योजनेत बसत नाही. बीपीच्या, साखरेच्या रोजच्या गोळ्याही बसत नाहीत. गोळ्यांसाठी मी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जनऔषधी दुकान सांगते. योजनेत न बसणारं मोठं दुखणं असेल तर धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं बंधनकारक आहे. वर्षाचं उत्पन्न १ लाख ८० हजारांच्या आत असेल तर मोफत, ३ लाख ६० हजारांच्या आत असेल तर सवलत. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तोही आषाढातच काढून ठेवावा. ज्येष्ठ कलावंतांना महिन्याला ५,००० रुपये मानधन आहे, तिथं कलेचा पुरावा मागतात. वाजवणाऱ्याकडे कसला पुरावा? मी म्हणते, मंडळाच्या पत्रिका, जत्रेचे फलक, बातमीचं कात्रण, काही टाकू नका. एका सनईवाल्यांनी तीस वर्षांच्या लग्नपत्रिका पिशवीत भरून आणल्या होत्या, प्रत्येकीवर पेनानं तारीख आणि बिदागी लिहिलेली. मला तर ती पिशवी कुठल्याही सन्मानपत्रापेक्षा मोठी वाटली.

कानाचंही सांगायलाच हवं, कारण ते ऑपरेशननं परत येत नाही. ८५ डेसिबल आवाजात माणूस कानाला फारसा धोका न होता आठ तास काम करू शकतो असं मानतात, आणि दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. १०० डेसिबलला पंधरा मिनिटं उरतात. आपली पोरं मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीशेजारी सहा-सहा तास ताशा वाजवतात. कानात घालायचे फोमचे बोळे मेडिकलमध्ये स्वस्तात मिळतात. बँडमालकांनी ड्रेस शिवताना त्याच खर्चात ते धरावेत.

जॅझच्या गावात, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला, १९९८ पासून वाजवणाऱ्यांसाठीच एक दवाखाना चालतो. ते वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. इतके डॉक्टर असलेल्या मिरजेत आठवड्यातली एक संध्याकाळ, एक खोली, एक डॉक्टर, एवढं तर जमेल. दोन बँडमालकांनी दर सुपारीमागे पन्नास रुपये पेटीत टाकायचं कबूल केलंय, आजारी माणसाच्या घरी किराणा जावा म्हणून. तिसरे अजून विचार करतायत. त्यांना मी पुन्हा भेटणार आहे.

एकादशीच्या दुसऱ्या दिवशी बसतेय. वाजवणारा तुमच्या ओळखीचा असेल तर त्याला पाठवा, बायकोपोरांची आधारकार्डंही आणायला सांगा. आणि रेशनकार्ड कितीही फाटलेलं असलं तरी आणा, चिकटवायची पट्टी माझ्याकडे आहे.