शेरा : अज्ञात

रंकाळ्याच्या पदपथावर पहाटे फिरणाऱ्यांची एक ठरलेली मंडळी आहे आणि निवृत्तीनंतर मीही तिच्यात सामील झालो. गेल्या थंडीत एके दिवशी शालिनी पॅलेसच्या बाजूला वळताना पुढचे दोघे थबकले, त्यांच्या माना वर गेल्या, म्हणून आमच्याही गेल्या. वीसेक दिवे एका सरळ रेषेत, दोऱ्यात ओवल्यासारखे, जराही आवाज न करता वायव्येकडून आग्नेयेकडे सरकत होते. दोन-तीन मिनिटांत ती माळ दिसेनाशी झाली. घरी येऊन मी चप्पल काढेपर्यंत 'कोल्हापूरवर उडत्या तबकड्या' अशा मथळ्याची तिची चित्रफीत चार व्हॉट्सअॅप गटांवर फिरून माझ्याकडे परत आली होती.

त्या माळेचे गूढ दुपारपर्यंतही टिकले नाही. स्टारलिंक या इंटरनेट-सेवेचे उपग्रह प्रक्षेपणानंतर काही दिवस असेच रांगेने जाताना दिसतात, आणि २०१९ च्या मे महिन्यात त्यांची पहिली ६० जणांची तुकडी वर गेली तेव्हापासून त्यांना तबकडी समजणारे लोक जगभर भेटत आले आहेत. मला लिहायचे आहे ते त्या दिवशी केलेल्या एका फोनविषयी आणि त्यामुळे पुढे सुरू झालेल्या वाचनाविषयी. माझे थोरले चुलते सैनिक टाकळीला राहतात. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ते तोफखान्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि लडाखच्या एका निरीक्षण चौकीवर त्यांनी दोन हिवाळे काढले आहेत. मी मोठ्या उत्साहाने सांगू लागलो, तर त्यांनी मला मध्येच तोडले. "माळ-बिळ ऱ्हाऊ दे. किती वाजता दिसलं? कुठल्या अंगाला? जमिनीपासनं किती वर?"

वेळ मला साडेपाच-पावणेसहा अशी अंदाजानेच सांगता आली, दिशा मी शालिनी पॅलेसच्या आधाराने सांगितली, आणि उंचीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हते. मग त्यांनी फोनवरच शिकवले. हात पुरता ताणून मूठ वळायची आणि एक डोळा मिटायचा. मुठीची रुंदी म्हणजे साधारण दहा अंश. पहिली मूठ क्षितिजावर टेकवून मुठीवर मूठ चढवत वस्तूपर्यंत जायचे. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभा राहून समोरच्या इमारतीवरची पाण्याची टाकी मोजली. अडीच मुठी भरल्या. चौकीवर असताना असे काही दिसले की तुम्ही त्याला काय म्हणत होता, असे मी शेवटी विचारले. आबा म्हणाले, "काय हाय ते नंतर. कुणाचं हाय ते आधी."

सैन्ये आकाशातल्या अनोळखी वस्तूंच्या मागे का लागतात, याचे इतके नेमके कारण मला नंतरच्या सगळ्या वाचनातही सापडले नाही. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या हौशी वैमानिकाला अमेरिकेतल्या माउंट रेनियर पर्वताजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी टप्पे घेत जावी तशी त्यांची चाल होती, असे त्याने सांगितले. वृत्तपत्रांनी चालीचे वर्णन आकाराला चिकटवले आणि 'उडती तबकडी' जन्माला आली. अमेरिकी हवाई दलाला चिंता होती ती परग्रहवासीयांपेक्षा रशियाची. त्यातून १९४८ मध्ये 'साइन', पुढच्या वर्षी 'ग्रज' आणि १९५२ पासून 'ब्लू बुक' असे एकामागून एक तपासप्रकल्प उभे राहिले. ओहायोतल्या राइट-पॅटरसन हवाई तळावरचा ब्लू बुक १७ डिसेंबर १९६९ रोजी बंद करण्यात आला, तेव्हा या सगळ्या वर्षांच्या दप्तरी १२,६१८ नोंदी जमा होत्या आणि त्यांतल्या ७०१ नोंदींवर 'अज्ञात' असा शेरा होता.

ही ७०१ संख्या तबकडीप्रेमी मंडळी छातीठोकपणे पुढे करतात, आणि संशयवादी मंडळी उरलेल्या जवळजवळ बारा हजारांकडे बोट दाखवतात. मी मात्र या दप्तराकडे थोड्या निराळ्या नजरेने पाहतो, कारण मी एका सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात ३१ वर्षे काढली आहेत. महिनाअखेरीच्या गोषवाऱ्यात 'प्रलंबित'चा रकाना हलका दिसावा म्हणून कागदावर 'निकाली' शेरा कसा पडतो, हे मी जवळून पाहिले आहे. एकदा तर माझ्या स्वतःच्या सेवापुस्तकातील चुकीच्या जन्मतारखेचे प्रकरण ती तारीख तशीच ठेवून निकाली निघाले होते. निकाली निघालेले प्रकरण आणि सुटलेले प्रकरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ब्लू बुकचे कागद वाचताना मला हा फरक सतत जाणवत राहिला.

सुरुवात चांगली होती. ब्लू बुकचा पहिला प्रमुख कॅप्टन एडवर्ड रुपेल्ट याने 'तबकडी' हा शब्द बाजूला सारून 'अनोळखी उडती वस्तू' असा कोरडा शब्दप्रयोग रूढ केला, आणि साक्षीदारांसाठी ओहायो राज्य विद्यापीठाकडून एक ठरीव प्रश्नावली तयार करून घेतली. पण जुलै १९५२ मध्ये खुद्द वॉशिंग्टनवर लागोपाठ दोन शनिवार-रविवार रडारच्या पडद्यावर ठिपके उमटले, विमाने पाठवावी लागली आणि वृत्तपत्रांत हलकल्लोळ झाला. जमिनीलगत थंड आणि वर गरम हवेचा थर आला की रडारच्या लहरी वाकतात आणि जमिनीवरच्या वस्तू आकाशात असल्यासारख्या भासतात, हे स्पष्टीकरण तेव्हा देण्यात आले. खरा परिणाम पुढे झाला. जानेवारी १९५३ मध्ये सीआयएने बोलावलेल्या रॉबर्टसन समितीने, या वस्तूंपासून थेट धोका दिसत नाही, परंतु लोकांकडून येणाऱ्या माहितीचा लोंढा मात्र धोकादायक आहे, असा निष्कर्ष काढला. खऱ्या हल्ल्याच्या वेळी संदेशवाहिन्या त्या लोंढ्याने तुंबतील, ही भीती होती. म्हणून लोकांच्या मनातून हा विषय उतरवावा, अशी शिफारस झाली. आमच्या भाषेत सांगायचे तर, आवक फार होते म्हणून आवक बारनिशीच, म्हणजे येणाऱ्या कागदांची नोंदवहीच, लहान करण्याचा हा उपाय होता. त्याच वर्षीच्या नियमानुसार ओळख पटलेल्या प्रकरणांविषयीच पत्रकारांशी बोलण्याची मुभा तळावरच्या अधिकाऱ्यांना राहिली. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्याविषयी मौन पाळायचे, आणि मौनातून अफवा जन्मतात तेव्हा पुन्हा लोकांनाच भाबडे म्हणायचे, हा व्यवहार मला तरी पटत नाही.

या दप्तरातले सर्वांत चटका लावणारे प्रकरण ७ जानेवारी १९४८ चे आहे. केंटकीतल्या गॉडमन तळावरून आकाशात एक मोठी पांढरट वस्तू दिसत होती. त्याच भागातून चार मस्टँग लढाऊ विमाने चालली होती आणि त्यांचा म्होरक्या होता २५ वर्षांचा कॅप्टन थॉमस मँटेल. वस्तू काय आहे ते पाहा, असे त्याला सांगण्यात आले. विमानात प्राणवायूची सोय नसताना तो वर चढत गेला आणि वीस हजार फुटांच्याही वर गेल्यावर त्याची शुद्ध हरपली असावी. विमान कोसळले आणि तो गेला. अधिकाऱ्यांनी प्रथम शेरा मारला तो शुक्राचा. शुक्र त्या वेळी आकाशाच्या त्या भागात होता हे खरे, पण दुपारच्या उजेडात तो एखाद्या टाचणीच्या टोकाएवढा दिसणार. पुढे अधिक संभाव्य उत्तर मिळाले ते 'स्कायहुक' फुग्याचे. नौदल तेव्हा प्रचंड आकाराचे, अतिउंचीवर जाणारे फुगे सोडत होते आणि तो प्रकल्प गुप्त होता, त्यामुळे मँटेलला किंवा त्याला पाठवणाऱ्यांना त्याची कल्पनाच नव्हती. म्हणजे एका खात्याची वस्तू दुसऱ्या खात्याने 'अज्ञात' म्हणून नोंदवली आणि तिच्यामागे आपलाच माणूस गमावला. असे मोठे फुगे आपल्याकडेही उडतात: टाटा मूलभूत संशोधन संस्था हैदराबादहून शास्त्रीय उपकरणांचे फुगे सोडते, आणि ते खाली आल्यास हात न लावता कळवावे, अशी सूचना आधी प्रसिद्ध होते. केवळ त्या सूचनेमुळे शेतात पडलेल्या फुग्याचा शेरा एका दिवसात भरता येतो.

शुक्राचे हे उत्तर मँटेलच्या बाबतीत खोटे ठरले, म्हणून ते नेहमीच खोटे असते असे मात्र नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच सैन्याचा आहे. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या परिसरातल्या आपल्या जवानांनी अनोळखी प्रकाशमान वस्तूंच्या ३२९ नोंदी केल्या, आणि त्यांपैकी १५५ वेळा त्या वस्तू प्रत्यक्ष नियंत्रण रेषा ओलांडून अलीकडे आल्याचे नोंदवले. चीनचे टेहळणी ड्रोन असावेत, हा संशय साहजिक होता. अखेरीस बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारण्यात आले. त्या वस्तू गुरू आणि शुक्र निघाल्या.

ही बातमी २०१३ मध्ये आली तेव्हा आमच्या कार्यालयातही लोक हसले होते आणि मीही त्यांच्यात होतो. आता मला त्या हसण्याची लाज वाटते. त्या महिन्यांत शुक्र सूर्योदयापूर्वी पूर्वेला उगवत होता आणि डिसेंबरच्या सुमारास गुरू संध्याकाळीच पूर्वेकडून वर येत होता. पूर्वेकडे चीनची बाजू. चार हजार मीटरहून अधिक उंचीवर विरळ, स्वच्छ हवेत ग्रह कोल्हापुरातल्यापेक्षा कितीतरी प्रखर दिसतात. त्यातच काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवरच्या एकाकी दिव्याकडे टक लावून पाहिले की तो हलल्यासारखा वाटतो, कारण डोळ्याला आधाराला दुसरे काही नसते. शत्रूच्या दिशेने डोंगरामागून एक दिवा रोज वर येतो, हलतो आणि आपल्या डोक्यावर येऊन ठेपतो: रात्रीच्या पहाऱ्यावरच्या जवानाने ते लिहून ठेवायचे नाही तर काय करायचे? आणि त्याने ३२९ वेळा लिहून ठेवले, म्हणूनच ताऱ्यांच्या चालीशी ते ताडून पाहता आले.

आबांना मी हे वाचून दाखवले. ते त्या काळात निवृत्त होऊन बरीच वर्षे लोटली होती, पण त्यांना आश्चर्य वाटले नाही. त्यांच्या चौकीवरही एका नव्या पोराने पहाटे असाच दिवा पाहून सगळ्यांना उठवले होते, असे ते म्हणाले. त्याला कुणी रागावले नाही. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्यालाच उभे करून पुन्हा दिशा घ्यायला लावली, तिसऱ्या दिवशी पुन्हा. "ड्रोन रोज चार मिनटं आधी उगवत न्हाई," एवढेच आबांचे म्हणणे. तारे रोज सुमारे चार मिनिटे लवकर उगवतात आणि गुरूसारखे ग्रहही बराच काळ साधारण तीच लय धरतात, हे त्यांनी कोणत्या पुस्तकात वाचलेले नव्हते.

अलीकडच्या घडामोडींत मला तेवढा रस वाटत नाही. अमेरिकेने आता या वस्तूंचे नाव बदलले आहे. २०२१ च्या अहवालात १४४ नोंदींपैकी एकाच नोंदीची खात्रीने ओळख पटली आणि तो हवा गेलेला फुगा होता. २०२२ मध्ये त्यांच्या संरक्षण खात्याने नवे कार्यालय काढले आणि मार्च २०२४ मध्ये परग्रहावरील तंत्रज्ञानाचा कोणताही पुरावा नसल्याचे जाहीर केले. आपल्याकडे १९ नोव्हेंबर २०२३ रोजी, सारा देश अहमदाबादचा अंतिम सामना पाहत असताना, इंफाळ विमानतळावर एक अनोळखी वस्तू दिसली, काही तास उड्डाणे थांबली आणि शोधासाठी राफेल विमाने गेली. त्यांना काही सापडले नाही. याउलट २ एप्रिल २०२२ च्या पाडव्याला विदर्भ-मराठवाड्यात रात्री जळते गोळे दिसले, त्या प्रकरणाला पुरावा स्वतःच चालून आला. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले, आणि ते चिनी अग्निबाणाचे अवशेष असल्याचे तज्ज्ञांनी सांगितले.

एक गोष्ट मात्र माझ्या मतालाही आडवी येते, ती नोंदवली पाहिजे. 'अज्ञात' म्हणजे केवळ माहिती अपुरी, असे मी सुरुवातीला धरून चाललो होतो. परंतु बॅटेल या अमेरिकी संशोधन संस्थेने हवाई दलासाठी सुमारे ३,२०० नोंदी यंत्राने मोजता येतील अशा छिद्रपत्रांवर उतरवून जो अभ्यास केला आणि जो १९५५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात अपुऱ्या माहितीच्या नोंदी वेगळ्या काढल्या होत्या; तरीही उत्तम दर्जाच्या नोंदींत 'अज्ञात'चे प्रमाण सुमार नोंदींपेक्षा जास्त निघाले. याचे पटेल असे उत्तर मला सुचलेले नाही, आणि शुक्र म्हणून ते निकाली काढण्याची माझी तयारी नाही.

आबांच्या सांगण्यावरून मी एक दोनशे पानी वही आखली आहे: दिनांक, वेळ, दिशा, मुठी, किती वेळ दिसले, हवामान, शेरा. पहिल्या ओळीत रंकाळ्याची ती माळ आहे. वेळ मी चित्रफितीवरून मिनिटापर्यंत नेमकी घेतली आणि शेऱ्यात 'उपग्रह' लिहिले. दुसऱ्या ओळीत मला एक जुनी आठवण घालायची होती. मी विशीत असताना जोतिबाच्या डोंगराच्या बाजूला एक तांबूस दिवा बराच वेळ स्थिर राहून अचानक विझलेला पाहिला होता, आणि आजही तो डोळ्यांसमोर आहे. आबांनी विचारले, साल कोणते, महिना कोणता, किती वाजले होते. मला सांगता येईना. "मग ते वहीत न्हाई घालायचं," ते म्हणाले. दुसरी ओळ अजून कोरी आहे.