एकाच धाप्याचे चार नमुने

ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्या खाडीकाठी रानटी वाढणाऱ्या धाप्यात जनुकीय विविधता किती आहे, हे पाहण्याचा प्रकल्प मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी घेतला. धापा म्हणजे सेसुव्हियम पोर्टुलाकास्ट्रम. घोळीसारख्याच मांसल पण खारट पानांची, खाण्याजोगी वनस्पती. कांदळवनात जाण्याची परवानगी हाती आल्यावर ओहोटीची वेळ गाठून दोन-दोन पावलांवरून पाने खुडली आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पिशव्यांत भरली.

प्रयोगशाळेत मात्र सीटॅब (साबणासारखे एक रसायन) पद्धतीने डीएनए काढताना, डीएनए खाली बसवणारे आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर पांढऱ्या धाग्यांऐवजी तपकिरी, शेंबडासारखा गोळा खाली बसला आणि तो पिपेटच्या टोकात शिरेना. अशा रसाळ पानांतील पॉलिसॅकराइडे, म्हणजे साखरेच्या चिकट साखळ्या, डीएनएबरोबरच खाली येतात आणि पॉलिफेनॉल या हवेत तपकिरी पडणाऱ्या संयुगांमुळे रंग काळवंडतो. म्हणून बफरमधील, म्हणजे डीएनए काढण्याच्या द्रावणातील, मीठ 1.4 मोलरवरून 2 मोलरवर नेले, पॉलिफेनॉले धरून ठेवणारे पीव्हीपी घातले आणि क्लोरोफॉर्मची पायरी दोनदा केली, तेव्हा कुठे डीएनएची शुद्धता दाखवणारे 260/280 हे गुणोत्तर 1.8 च्या आसपास, म्हणजे हवे तिथे, आले. खाऱ्या चिखलात वाढलेल्या झाडाचा डीएनए सुटा करायलाही जास्त मीठच लागावे, याची मला गंमत वाटली.

पुढे आयएसएसआर या डीएनएचे ठसे पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीच्या जेलवर वाशीच्या चार नमुन्यांचे पट्टे हुबेहूब सारखे आले. मला भेसळीची शंका आली, पण पडताळणीसाठी ठेवलेल्या, डीएनए न घातलेल्या नळीत एकही पट्टा नव्हता. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एवढेच विचारले, "ही चार झाडे वेगळी होती, हे तू कशावरून ठरवलेस?"

पुन्हा वाशीला जाऊन एक तांबूस खोड चिखलातून हलकेच उचलले, तर चार पावलांपलीकडची पाने हलली. धाप्याच्या जमिनीवर पसरणाऱ्या खोडाला पेरापेराला मुळे फुटतात, त्यामुळे डोळ्यांना दाट ताटवा दिसतो आणि प्रत्यक्षात ते एकच झाड असू शकते. मी विविधता मोजायला निघाले होते आणि झाडे मोजण्यातच चुकले होते.

दुसऱ्या फेरीत दोन नमुन्यांत किमान 10 मीटर अंतर ठेवले आणि जुन्या नमुन्यांपैकी प्रत्येक ताटव्यामागे एकच ठेवला. तरीही तुटलेला तुकडा भरतीबरोबर वाहत जाऊन दुसरीकडे रुजू शकतो. म्हणून दोन ठिकाणचे पट्टे तंतोतंत जुळले, की त्या जोडीपुढे मी वहीत आजही प्रश्नचिन्ह काढते.