कोल्हापुरी मिसळ: तर्री आता कटातूनच सुटते

मंडळी, मिसळीच्या कटाचं, म्हणजे तिच्या पातळ रश्शाचं, काम बरंच पुढे सरकलंय. वरून वेगळी फोडणी न ओतता तर्री, म्हणजे लाल तेलाचा तवंग, आता कटातूनच सुटून वर येते. मला पहिल्यापासून हेच हवं होतं. तेल-तिखटाची फोडणी करून वाढताना सोडली की रंग झकास दिसतो, पण घशाशी नुसता तेलकटपणा राहतो. वाटणात मुरून बाहेर आलेल्या तेलाला खोबऱ्या-लसणाचा जो वास असतो, तो तिला येत नाही.

खरा फरक पडला तो वाटण परतण्यात. चार माणसांना दोन मोठे कांदे, अर्धी वाटी किसलेलं सुकं खोबरं, पंधराएक लसूण पाकळ्या, इंचभर आलं, दोन चमचे तीळ आणि चमचाभर खसखस घेते. खोबरं कोरडंच, मंद आचेवर बदामी करायचं. कांदा मात्र तेलात, कडा काळपट होईपर्यंत. दोन्ही एकत्र भाजायला जाऊ नका, कांद्याला पाणी सुटतं आणि खोबरं भाजलं न जाता मऊ पडतं. मग सगळं गंधासारखं बारीक वाटायचं.

अर्धी वाटी तेलात वाटण घातलं की आधी नुसता फेस आणि चरचर. ते वाटणातलं पाणी उडतंय. दहाएक मिनिटांनी आवाज बसतो, बुडबुडे मोठे आणि संथ होतात, गोळा कढईच्या कडा सोडतो आणि कडेने तेल चकाकायला लागतं. पुष्कळ पाककृती इथेच पाणी घालायला सांगतात. माझं मत असं, की आणखी पाच-सात मिनिटं परतावं. त्या वेळात गोळ्याचा रंग विटकरीवरून गडद तपकिरी होतो आणि कच्च्या लसणाचा उरलासुरला दर्प जातो.

आता गॅस बंद करून तिखट. मिरचीचा लाल रंग पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून पाण्याआधी तिखटाला तेलात मिनिटभर तरी मिळायलाच हवं. रंगासाठी बेडगी (कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातली, रंगाला भारी, तिखटाला बेताची) आणि झणझणीतपणाला दोन मोठे चमचे कांदा-लसूण मसाला.

पाणी आधणाचं, पाच वाट्या, त्यात मटकी शिजवलेलं पाणीही आलं. यापुढे आच मंदच ठेवा. कट खळखळा उकळला तर तेलाचे थेंब फुटून रश्शात मिसळतात, वाटणातले बारीक कण त्यांना धरून ठेवतात आणि कट गढूळ दिसतो. अर्धा तास बारीक उकळी, मग गॅस बंद आणि पाव तास पळीसुद्धा लावायची नाही. आधी लाल ठिपके दिसतात, ते हळूहळू एकमेकांना जुळतात आणि सगळ्या कटावर पातळ, स्वच्छ तवंग धरतो. वाढताना पळी तळाशी न नेता आधी तर्री बाजूला काढून ठेवली, की प्रत्येकाच्या पानात तिखटाचा हिशेब आपल्या हातात राहतो.

मटकीत फारसं काही नवं नाही. रात्रभर भिजवून फडक्यात बांधते, मोड अर्ध्या इंचाचे झाले की पुरे. कुकरला लावत नाही, उघड्या पातेल्यात हळद-मीठ घालून दाणा अख्खा राहील इतपतच शिजवते. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाऐवजी स्लाइस ब्रेड देतात. हल्ली घरीही तोच आणते, कारण पातळ कट तो चटकन पितो. शेव-चिवडा आणि कांदा अगदी आयत्या वेळी.

अडलंय ते मसाल्यात. विकतचा कांदा-लसूण मसाला दर पाकिटाला वेगळा निघतो, त्यामुळे मीठ-तिखटाचा अंदाज पुन्हा नव्याने बांधावा लागतो. येत्या उन्हाळ्यात संकेश्वरी मिरची आणून घरचाच करणार आहे. तुमच्यापैकी जे डंकावरून मसाला कांडून आणतात, त्यांनी किलोभर मिरचीला लसूण आणि सुकं खोबरं किती घेता, आणि कांदा उन्हात वाळवून घालता की तळून, ते जरूर सांगा. दगडफुलाचं प्रमाणही हवंय.