उद्या येताहेत चौघी!

उद्या सकाळी पोल्ट्रीतल्या चार कोंबड्या घरी येणार, आणि मला परीक्षेच्या आदल्या रात्रीसारखं होतंय. पिंजऱ्यातल्या लेअर, म्हणजे अंड्यांसाठी पाळलेल्या. दीड वर्ष अंडी दिली, आता अंडी कमी झाली म्हणून कापायला निघालेल्या. दुपारी बघून आले. ए-४ कागदाएवढीही जागा एकीच्या वाट्याला नाही. मानेवरची पिसं गेलेली, तुरा फिकट, एका बाजूला लोळलेला, चोचीचं टोक कापलेलं. एकीनं माझ्या बांगडीला टोचून पाहिलं. तिलाच आधी उचलणार.

सोलापूरचं ऊन यांना माहीतच नाही, म्हणून खुराडं कडुलिंबाखाली ठेवलंय. आत जुनी सोलापुरी चादर अंथरली, तर सासूबाई म्हणाल्या, "अगं, नखं अडकतील की. भुसा टाक." बरोबर होतं. शिंपल्यांचा चुरा आणलाय, खाद्य मात्र पोल्ट्रीतलंच. एकदम बदललं तर पोट बिघडायचं. बसायला काठी बांधलीय, अगदी खाली. यांच्या पायात उडी मारायची ताकद कुठून असणार?

शेजारच्या काकू विचारून गेल्या, "रस्सा कधी?" हसले खरी.

गल्लीतल्या बोक्याची धास्ती वाटतेय. कडी तीनदा बघून आले, अजून एकदा जाते.