आजोबांच्या नावावरचं घर आणि माझं कर्ज

माझे वडील, अण्णा, 2023 च्या फेब्रुवारीत गेले. शेवटचे आठ महिने डायलिसिसवर होते. दवाखान्याचं बिल, अण्णांच्या मित्रांकडून घेतलेले उसने पैसे, कोल्हापुरात उद्यमनगरातल्या आमच्या लेथ वर्कशॉपचं मागं पडलेलं भाडं, असा सगळा मिळून 5 लाखांचा खड्डा पडला होता. मनाला एकच आधार होता, शुक्रवार पेठेतलं घर. ते तारण ठेवायचं, कर्ज काढायचं आणि दोन-तीन वर्षांत फेडून मोकळं व्हायचं, असं मी धरून चाललो होतो.

बँकेनं पहिल्याच दिवशी मिळकत पत्रिका, म्हणजे घर कुणाच्या नावावर आहे त्याचा सरकारी उतारा, मागितली. सिटी सर्व्हेतून उतारा काढला तर त्यावर नाव आजोबांचं. आजोबा 1994 साली गेलेत! घरफाळ्याची पावती अण्णांच्या नावानं यायची, म्हणून घरही त्यांच्याच नावावर असणार असं आम्ही सगळे समजत होतो. घरफाळा कोण भरतो यावरून मालकी ठरत नाही, हे मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी कळलं.

वकिलांनी कागदावर वंशावळ काढली. घर आजोबांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं आणि मृत्युपत्र केलेलं नव्हतं. 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानुसार बायको, मुलगे आणि मुली यांना सारखा हिस्सा मिळतो. आजी 2001 साली गेली, म्हणजे राहिले अण्णा आणि गडहिंग्लजची आत्या, दोघांना निम्मं निम्मं. अण्णांच्या निम्म्यात आई, मी आणि इचलकरंजीची बहीण. वकिलांनी माझ्या नावापुढं 1/6 लिहिलं आणि त्याभोवती गोल काढला. ज्या घरात जन्मलो, वाढलो, त्याचा सहावा हिस्सा माझा. आणि न वाटलेल्या सहाव्या हिश्श्यावर बँक कर्ज देत नाही. सगळ्या वारसांची नावं पत्रिकेवर लागली पाहिजेत, 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या जुन्या व्यवहारांच्या तपासणीचा अहवाल, पाहिजे आणि गहाणखतावर प्रत्येकाची सही पाहिजे.

त्याच आठवड्यात ओळखीतून एकजण वर्कशॉपवर आला. ‘कागद होईस्तोवर कशाला थांबताय? परवा पैसे देतो,’ म्हणाला. दर शेकडा पाच, महिन्याला. म्हणजे 5 लाखांना महिना 25 हजार नुसतं व्याज. त्याबदल्यात माझ्या हिश्श्याचं नोटरी केलेलं साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आणि दोन कोरे चेक. मी त्या रात्री झोपलो नाही. खरं सांगतो, सही करायच्या बेतात होतो.

वकिलांनी एकच विचारलं, त्याच्याकडं सावकारीचा परवाना आहे का? नव्हता. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा, कर्जदार शेतकरी नसेल तर, तारणावर वर्षाला 15 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही, आणि व्याज मुद्दलाच्या वर जाऊ शकत नाही; आपल्याकडचा जुना दामदुप्पटीचा नियम 2014 च्या सावकारी कायद्यातही आहे. आणि उद्या माझा हिस्सा त्या माणसाच्या हातात गेला असता, तर तो कोर्टात वाटणीचा दावा लावू शकला असता. माझ्या सहीनं आई आणि आत्या कोर्टात उभ्या राहिल्या असत्या. मी त्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

मग वारस नोंदीच्या मागं लागलो. आजोबा, आजी, अण्णा, तिघांचे मृत्यू दाखले, सगळ्या वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज, मग हरकतींसाठी नोटीस. आजोबांचा दाखला शोधण्यातच तीन आठवडे गेले. जमीन-जागेतला वारसाहक्क तीन महिन्यांत कळवायचा असतो, आम्ही 29 वर्षं लावली.

नातेवाइकांचं एकच पालुपद, ‘आत्याकडनं हक्कसोड घे, भानगडच नको.’ म्हणजे तिनं आपला हिस्सा सोडल्याचं लिहून द्यायचं. मी गडहिंग्लजला गेलो. आत्या 74 वर्षांची. चहा टाकता टाकता तिनं सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, ‘सही करायला माझी ना न्हाई बाळा. पर तुझा हप्ता चुकला आणि घर गेलं, तर मी माहेर म्हणून कुठं येऊ?’

मला उत्तर देता आलं नाही. मी माझ्या कर्जासाठी तिचाही निम्मा वाटा गहाण टाकायला निघालो होतो, हे त्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा लख्ख दिसलं. हक्कसोडीचा कागद पिशवीतून बाहेर काढलाच नाही.

परत आल्यावर आईनं स्वतःहून कपाट उघडलं. पाटल्या आणि तिचा कोल्हापुरी साज. सोनं तारण कर्जासाठी बँकेत मूल्यांकन करणाऱ्यानं साज तराजूत ठेवला, भिंगातून एक-एक पान बघितलं आणि वजनातून बरीच घट धरली. साजाची पानं आतून लाखेनं भरलेली असतात, ती लाख सोन्यात मोजत नाहीत. आईला हे माहीत होतं, मला नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या तेव्हाच्या नियमानं सोन्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळायचं. हातात 3 लाख 60 हजार आले, तासाभरात. दवाखाना आणि भाडं भागलं. अण्णांचे दोन मित्र थांबायला तयार झाले, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

वाटणीपत्र 2024 च्या जूनमध्ये नोंदवलं. दुय्यम निबंधकांकडं आत्याचा अंगठा मशीन घेईना, जन्मभराच्या कामानं रेषाच झिजलेल्या. बहिणीनं ओल्या रुमालानं तो पुसला, पुन्हा ठेवला, चौथ्या वेळेला लागला. मागच्या दोन खोल्या आणि परडं आत्याला, रस्त्याकडचा भाग आम्हा तिघांना. मोजणी होऊन पत्रिका वेगळ्या झाल्यावर फक्त आमच्या भागावर कर्ज काढलं. त्यावर आई, बहीण आणि मी, तिघांच्या सह्या आहेत. बहिणीला सहीआधी हप्ता किती, चुकला तर काय होतं, हे सगळं भाऊजींसमोर बसून सांगितलं.

त्या पैशातून सगळ्यात आधी साज सोडवून आणला. आईनं तो पलंगावर पसरला आणि 21 पानं बोटानं मोजून घेतली. आत्या गौरीला आली होती. मागच्या खोलीचं कुलूप आता तिचं आहे.