विष कुणी टाकलं?

मागच्या मे महिन्यात भल्या पहाटे फोन आला, तळ्यात मासे मरून पडलेत, कुणीतरी विष टाकलंय म्हणतायत, लगेच निघ. पुण्यातलंच तळं, नाव नाही सांगत, उगाच राडा नको. पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पूर्वेच्या काठाला हिरवागार जाड थर, ऑइलपेंटचा डबा सांडावा तसा, आणि वास तर विचारूच नका.

शेजारच्या सोसायटीतले एक काका आदल्या दिवशीचा रिपोर्ट घेऊन उभेच होते. दुपारी तीनचं सॅम्पल, ऑक्सिजन लिटरला १४ मिलिग्रॅम. "एवढं ऑक्सिजन असताना मासे मरतात का हो? विषच आहे." मी मीटर पाण्यात सोडला, १ च्याही खाली! काका म्हणाले मीटर बिघडलाय तुमचा.

मीटर ठीक होता. आपल्याकडच्या मेच्या पाण्यात वरच्या हवेतून मुरून मुरून सातच्या आसपास ऑक्सिजन राहतो, १४ दिसला की उलट घाबरायचं, कारण तो शेवाळ भर उन्हात बनवत असतं. त्यासाठी पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं म्हणून दुपारी पीएचही चढतो. रात्री मात्र तेच शेवाळ ऑक्सिजन खात बसतं आणि पहाटे मासे गुदमरतात. म्हणून सॅम्पल किती वाजता घेतलं हे आधी बघायचं, आकडा नंतर.

लॅबमध्ये मायक्रोस्कोपखाली मायक्रोसिस्टिसच निघालं. शेवाळ म्हणतो आपण, खरं तर तो बॅक्टेरिया. पंचवीस डिग्रीच्या वर पाणी गेलं की त्याची चैन, त्यात वारा पडलेला, नाल्यातून सांडपाण्याचा फॉस्फरस येतोय, आणि पेशीत हवेचे बारीक कप्पे असल्यामुळे हा वर तरंगतो नि खालच्यांचं ऊन अडवतो. शिवाय तळाशी ऑक्सिजन संपला की गाळातला जुना फॉस्फरस पण सुटतो, म्हणजे नाला आज बंद केला तरी बरीच वर्षं घरचं खातं हे.

काकांना दुपारी समजावलं, म्हटलं शेवाळ मारायला मोरचूद टाकू नका, पेशी फुटतात आणि यकृताला बाधणारं मायक्रोसिस्टिन एकदम पाण्यात उतरतं, उकळून पण जात नाही ते, कुत्री-गुरं लांब ठेवा. काकांनी सगळं नीट लिहून घेतलं, मग विचारलं, "बरं, पण मोरचूद साधारण किती किलो लागेल?"